चार टिंबांचं बारसं

ज्या वस्तूला नाव नाही ती वस्तू या जगात नाहीच, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की अकरा वर्षं तो सकाळ-संध्याकाळ माझ्या शेजारी बसला. आम्ही दोघंही मांजलपूरचे आणि दोघंही नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात. मी भांडारात, तो इन्स्ट्रुमेंट खात्यात. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला सोसायट्या-सोसायट्यांसमोरून आम्हाला गोळा करत निघायची आणि सगळा बडोदा ओलांडून तासाभरानं नंदेसरीच्या वासात नेऊन सोडायची. डावीकडचं चौथं बाक आमचं, खिडकी त्याची. पहिल्या दिवशी त्यानं मला नाव विचारलंच नाही. "कुठलं खातं? कितवा माणूस?" असं विचारलं. मी म्हटलं, "भांडार. नवाच लागलोय, माझ्याआधी तिघं आहेत." "म्हणजे भां-चार. बराबर," तो म्हणाला आणि पेपर उघडून बसला. पुढचे सहा महिने मी भां-चार होतो. मग आमच्यातले भां-दोन निवृत्त झाले, माझा नंबर एकानं वर सरकला, आणि घोटाळा नको म्हणून तो मला दिलीप म्हणू लागला.

यात त्याचा दोष थोडा आणि धंद्याचा जास्त. इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या जगात प्रत्येक यंत्राला टॅग असतो. पहिलं अक्षर काय मोजायचं त्याचं, दुसरं मोजून काय करायचं त्याचं, आणि मग टाकीचा नंबर. हजार यंत्रांच्या कारखान्यात कुठंही बिघाड झाला तर माणूस डोळे मिटून तिथं पोचला पाहिजे, हा त्यामागचा विचार. इतर लोक हा विचार पाच वाजता कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी जातात. हा गृहस्थ तो डब्यातून घरी नेत असे. त्याच्या छत्रीला टॅग होता, चष्म्याच्या घराला होता, खिशातल्या तीन पेनांना तर एकाच टॅगचे अ, ब, क होते. त्यांच्या सोसायटीत एक काळं कुत्रं फाटकाशी बसायचं. बाकीचे त्याला काळ्या म्हणत, हा 'फाटक-काळा-एक' म्हणे. दुसरं काळं कुत्रं तिथं नव्हतंच. मी तसं सुचवलं तेव्हा म्हणाला, "आज नाही, उद्या आलं तर? मग पहिल्याचं नाव बदलणार काय? नाव एकदाच द्यायचं असतं, दिलीप." हाक मारताना तो पूर्ण टॅग मारत असे, आणि 'एक' येईपर्यंत कुत्रं पलीकडच्या गल्लीत पोचलेलं असे.

घरातल्या डब्यांचं तर काही विचारू नका. वहिनींच्या स्वयंपाकघरात हळद, तिखट, साखर असं काही नव्हतंच. को-ति-एक म्हणजे कोरडं-तिखट-पहिलं, तसंच को-गो-दोन, असं होतं, आणि कुठल्या टॅगात काय आहे याचा एक सुवाच्य तक्ता त्यानं स्वतः तयार केला होता. एकदा वहिनी माहेरी इंदूरला गेल्या असताना मी त्याच्याकडे गेलो. चहा टाकतो म्हणाला. तक्ता सापडेना. अर्ध्या तासानं आठवलं की तक्ता खराब होऊ नये म्हणून त्यानं तो एका डब्यात ठेवलाय, आणि कुठल्या डब्यात ते तक्त्यात लिहिलंय. शेवटी आम्ही अंदाजानं एक डबा निवडला. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नि शेवटचं ओवा घातलेला चहा प्यालो. वहिनी परत आल्यावर सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "अहो, डब्याला नाव देण्यापेक्षा एकदा डबा उघडून बघितला असता तर?" त्यावर हा गंभीरपणे म्हणाला, "उघडून बघायचं असेल तर मग नावाचा उपयोग काय?"

अशा माणसाच्या घरी संगणक आला तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. ते इंटरनेट नुकतं घराघरांत शिरायचे दिवस होते. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, आणि ते आलं की फोन लागायचा नाही. आमच्या वयाचे बाकीचे लोक संगणकावर पत्ते खेळत. यानं जाडजूड पुस्तक आणून एक संगणकाची भाषा शिकायला घेतली. बसमध्ये गुडघ्यावर पुस्तक ठेवून तो ओळी पुटपुटायचा. वर्षभरानं त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी तारीख द्यावी, की तो त्या दिवसाची तिथी सांगे, वर मराठी वर्ष कुठलं नि गुजराती वर्ष कुठलं तेही सांगे. आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना याची गरज फार. घरात वर्ष पाडव्याला बदलतं, गल्लीत दिवाळीनंतर बदलतं आणि पगार जानेवारीच्या हिशेबानं होतो. पण त्यानं तो लिहिला तो अक्कांमुळे. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. त्या छाणीला एकट्या राहायच्या, आणि आपला वाढदिवस तिथीनं धरायच्या. हा इंग्रजी तारखेनं जायचा. एका वर्षी हा भलं मोठं पातेलं भरून त्यांची आवडती सेव-उसळ घेऊन सकाळीच छाणीला पोचला. वाढदिवस होऊन आठवडा झाला होता आणि त्या दिवशी एकादशी होती. अक्कांनी पातेल्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठेव. उद्या शिळी खाईन." परत येताना त्यानं ठरवलं की ही चूक पुन्हा होणार नाही.

प्रोग्रॅम चांगला झाला. इतका चांगला की आपण तो जगाला फुकट द्यावा असं त्याच्या मनात आलं. त्या भाषेत लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांनी मिळून एक कोठार केलेलं होतं. ज्यानं काही उपयोगाचं लिहिलं असेल त्यानं ते तिथं ठेवावं, ज्याला हवं त्यानं उचलून आपल्या प्रोग्रॅमला जोडावं. कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. अशा जोडण्याजोग्या तुकड्याला मॉड्यूल म्हणायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण कोठारात ठेवायचं तर मॉड्यूलला नाव लागतं, आणि नावाआधी घराणं लागतं, त्याला नेमस्पेस म्हणतात. घराणं, मग दोनावर दोन अशी चार टिंबं, मग स्वतःचं नाव. नाव एकदा दिलं की बदलायचं नाही, कारण दुसऱ्यांचे प्रोग्रॅम त्याला त्याच नावानं हाक मारतात. नाव बदललं की ते सगळे बंद पडणार. हे सगळं मला सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते, की मला वाटलं हा आता आनंदानं खिडकीतून उडी मारणार. आयुष्यभर तो एकटा जे करत आला होता ते करणारी एक अख्खी जमात जगात आहे, हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी समजलं होतं.

आणि तिथंच गाडं अडलं. ज्यानं कुत्र्याला दोन मिनिटांत नाव दिलं त्याला या मॉड्यूलला नाव सुचेना. आठवडा झाला, महिना झाला, पावसाळा गेला, नवरात्र आलं. कोठारवाल्यांची एक मेलिंग लिस्ट होती, तिथं एकानं टाकलेलं पत्र सगळ्यांना जायचं; नाव ठेवण्याआधी तिथं विचारायची रीत होती. यानं विचारलं. लिस्टवरच्या लोकांनी सांगितलं की डेट नावाचं एक मोठं घराणं आहेच, त्यात घाला. याला ते पटेना. त्याला स्वतंत्र घराणं हवं होतं. आधी त्यानं 'पंचांग' घराणं काढलं, मग ते रद्द करून 'उभयवर्ष', मग 'बडोदा'. "बडोदा म्हणजे काय?" असं फिनलंडहून कुणीतरी विचारलं. यानं चार पानं उत्तर पाठवलं. त्यात गावाची तीन नावं, कुठलं कोण वापरतं, आणि आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत इथं कसे आले, इथपर्यंत सगळं होतं. फिनलंडवाल्यानं लिहिलं की माहिती फार रंजक आहे, पण यात तारीख कुठं आली? 

हळूहळू साऱ्या बसला ही गोष्ट कळली. मॉड्यूल म्हणजे काय हे कुणाला समजलं नव्हतं, पण नाव ठरत नाही एवढं समजलं, आणि नावाबद्दल मत नसलेला माणूस बडोद्यात कुठला असायला! बॉयलरवाल्यांनी सुचवलं, लॅबवाल्यांनी सुचवलं, हिशेब खात्यातल्या एका बाईंनी राशीवरून अक्षर काढून दिलं. रोज सकाळी हा बसमध्ये चढला की मागून आवाज यायचा, "नाम पाड्युं के नहीं?" नाव ठेवलं की नाही? हाही रोज मान हलवून खिडकीशी बसायचा. एके दिवशी हे सगळं महिनोन्महिने ऐकत आलेला आमचा ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "साहेब, आटला बधाने शुं पूछो छो? फोईने पूछो ने! नाम तो फोई ज पाडे." इतक्या सगळ्यांना काय विचारता, फोईला विचारा, असं त्याचं म्हणणं; फोई म्हणजे आत्या. गुजराती घरात मुलाचं नाव आत्या ठेवते, जशी ती आपल्याकडेही ठेवते. बस हसली. माझा शेजारी हसला नाही. तो खिडकीबाहेर बघू लागला, आणि छाणीचा फाटा येऊन मागं गेला तरी त्यानं मान वळवली नाही.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी बसमध्ये फक्त मला माहीत होती. आईवडील लवकर गेल्यावर त्याला अक्कांनी वाढवलं होतं. नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून, स्वतःचं लग्न न करता. त्याचं लग्न त्यांनीच लावून दिलं आणि मग त्या आत्या व्हायची वाट बघू लागल्या. वीस वर्षं झाली, वहिनींना मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, मग तेही बंद झालं. बसमधल्या कुणाकडे बारसं असलं की हा भेट पाठवायचा आणि त्या दिवशी हटकून जादा पाळी घ्यायचा. याविषयी तो माझ्याशी अकरा वर्षांत एकदाच बोलला होता: "आमचं काही नाही रे दिलीप, आम्ही दोघं आहोत. पण अक्काचा हक्क राहून गेला." तो सहा महिने नाव का ठरवू शकत नव्हता हे मला त्या सकाळी कळलं, आणि माझा अंदाज असा की त्यालाही त्या सकाळीच कळलं.

त्यानं लिस्टवर पत्र टाकलं. मला त्यानं ते छापून आणून दाखवलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे नाव ठेवण्याचा अधिकार वडिलांच्या बहिणीचा असतो, मी या मॉड्यूलचा वडील आहे, बहिणीचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला पुढच्या रविवारी आणता येईल, तोवर सर्वांनी कृपया थांबावं, असा मजकूर होता. मला धसका बसला की हे लोक आता याची टर उडवणार. एकानं विचारलंही, की आपल्या भगिनी कुठल्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात? यानं कळवलं, की ती लिहीत नाही, निवृत्त शिक्षिका आहे. दुसऱ्यानं विचारलं, नियमांत हे कुठं बसतं? त्यावर फिनलंडवाल्यानंच उत्तर दिलं, की नियमांत विचारविनिमय करावा असं म्हटलंय, कुणाशी ते म्हटलेलं नाही; आम्ही थांबतो, बाईंना आमचा नमस्कार सांगा. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, पण त्या दिवसापासून मला फिनलंडबद्दल आपुलकी आहे.

रविवारी सकाळी मी माझ्या स्कूटरवरून अक्कांना छाणीहून आणलं. वहिनींनी घुगऱ्या केल्या होत्या, माझी बायको मदतीला आली होती. दारात रांगोळी होती, आणि संगणकावर एरवी प्लास्टिकचं आवरण असे ते काढून त्याला झेंडूची माळ घातली होती. अक्का खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि वर्गात फळ्याकडे बघावं तसं पडद्याकडे बघून म्हणाल्या, "आधी सांग, याला हाक कोण मारणार?"

"दुसरे प्रोग्रॅम, अक्का. म्हणजे ते लिहिणारी माणसं. जगातली कुठलीही."

"आणि तू काढलेली नावं?"

त्यानं यादी पुढं केली. साठ नावं होती, पहिलंच 'पंचांग-गणित-उभयवर्ष-एक' होतं. अक्कांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी करून त्याला परत दिली. "तीस वर्षं हजेरी घेतली मी," त्या म्हणाल्या. "नाव घेताना जीभ अडखळली ना, की बाई त्या पोराला कमी वेळा हाक मारते. तिला कळतसुद्धा नाही. तुझं हे काय सांगतं? तिथी. मग तिथी म्हण, संपलं."

"आणि घराणं?"

"ते काय असतं?"

त्यानं समजावलं. एक, आपलं स्वतंत्र काढायचं, त्यात हा एकटाच. नाहीतर ते डेट घराणं आहेच, त्यात आधीच तीस-चाळीस आहेत. कुणी ईस्टर काढतो, कुणी चिनी वर्ष मोजतो, कुणी लीप वर्षाचं बघतो.

"सगळी तारखाच मोजतात?"

"हो."

"मग तुझं वेगळं कशाला?"

"वेगळं असलं तर ओळख राहील, अक्का."

अक्कांनी चष्मा काढला. "एकटं पडेल रे ते," त्या म्हणाल्या. "चार चुलत भावंडांत राहू दे. या घरात एकटेपणा पुष्कळ झाला."

वहिनी साखर आणायला म्हणून आत गेल्या. साखर टेबलावरच होती. हा खाली बघून चाव्यांशी चाळा करत राहिला. मला तर कुठं बघावं ते कळेना, मी झेंडूची माळ सरळ करत बसलो. सहा महिने जगभरच्या हुशार लोकांनी जे सांगितलं आणि यानं ऐकलं नाही, तेच अक्कांनी सांगितलं, आणि यानं मान डोलावून ऐकलं.

आता नाव कानात सांगायचं, तर कान कुठला, यावरून वाद झाला. माझी बायको पडदा म्हणाली, मी खालची पेटी म्हटलं. शेवटी इन्स्ट्रुमेंट खात्यानं निर्णय दिला, की बाहेरचं जिथून ऐकू येतं तो कान, म्हणजे फोनची तार शिरते तो मोडेम. अक्का पुन्हा चष्मा लावून, गुडघा सांभाळत मोडेमपाशी वाकल्या. यानं कळ दाबली. अक्का म्हणाल्या, "कुर्र्र्," आणि नेमक्या त्याच क्षणी मोडेमनं फोन फिरवून, खरखरत, किंचाळत तसलंच उत्तर दिलं. "अगं बाई, रडतंय की!" माझी बायको ओरडली. वहिनी बाहेर धावत आल्या, आणि नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते दोघींनी मिळून इतके मनापासून घातले की अक्कांचा चष्मा घुगऱ्यांत पडला. अक्का हसत होत्या, वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझा बसशेजारी पडद्याला नाक लावून, मॉड्यूल कोठारात पोचताना एकेक टक्का मोठ्यानं मोजत होता. शंभर व्हायच्या आत तीनदा फोन तुटला. चौथ्यांदा पोचलं. डेट, चार टिंबं, तिथी. त्यानं लिस्टवर कळवलं, आणि आम्ही जेवायला बसेपर्यंत सात देशांतून अभिनंदनाची पत्रं आली. त्यांतली दोन अक्कांच्या नावानं होती. ती त्यानं छापून अक्कांना दिली, आणि अक्कांनी ती पर्समध्ये घातली.

दुपारी मी त्यांना छाणीला सोडायला निघालो. कमाटीबाग मागं पडली. तशा अक्का मागून म्हणाल्या, "त्याला वाटत होतं मी ते नाव काढीन. बघत होता माझ्याकडे, दिसलं ना तुला?"

"कुठलं नाव, अक्का?"

"त्याच्या लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं एक. मुलगा होवो, मुलगी होवो, दोघांनाही चाललं असतं. आहे माझ्याकडे असं त्याला माहीत आहे, काय ते माहीत नाही. ते आत्यानं आधी सांगायचं नसतं ना."

"मग आज का नाही ठेवलंत?"

"ते हाक मारली की धावत येणाऱ्याचं नाव आहे रे. पेटीत कशाला घालू?" रेल्वेच्या फाटकाशी स्कूटर थांबवावी लागली. गाडी जाईपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो. तेवढ्यात त्यांनी पुढं वाकून ते मला सांगितलं. नंतर म्हणाल्या, "कुणाला तरी सांगायला हवं होतं एकदा." घर येईपर्यंत त्या शेजारच्या पोरींच्या लग्नाबद्दल बोलत राहिल्या.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही दोघं निवृत्त झालो, कंपनीची बस बंद पडली, तिथी मात्र अजून त्या कोठारात आपल्या चुलत भावंडांत आहे, आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक तिला हाक मारतात. तो मला अधूनमधून भेटतो, पत्रं दाखवतो, सुखात आहे. अक्का गेल्या त्या दिवशी स्मशानातून परतताना त्यानं मला विचारलं होतं, "दिलीप, अक्कानं एक नाव राखलं होतं. तुला कधी बोलली काय?" मी नाही म्हटलं. मित्राशी मी इतकं सरळ खोटं दुसऱ्यांदा कधी बोललो नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. ते नाव सुंदर आहे. सोपं आहे, हाक मारायला मोकळं आहे. पण मी ते इथंही लिहिणार नाही, कारण हे तो नक्की वाचणार, आणि आयुष्यात प्रत्येक वस्तूची जागा माहीत असलेल्या त्या माणसाला, हे नाव घेऊन कुठं जायचं ते कळणार नाही.